मोडेन पण वाकणार नाही

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी, निळ्या ऑइलपेंटने एक सुविचार लिहिलेला होता : 'मोडेन पण वाकणार नाही.' १९८० च्या दहावीच्या बॅचमधल्या प्रत्येकाने तो सहा वर्षं रोज वाचला आहे. उशिरा आल्याबद्दल ज्यांना त्या भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागायचं, त्यांनी जरा जास्तच वाचला आहे. मी त्यातलाच एक.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'इतिहास' विभागात लेख लिहायला सांगितला, तेव्हा घरात सगळे हसले. इतिहास-नागरिकशास्त्र हा माझा सगळ्यांत कच्चा विषय. इतिहासाच्या बाई मेळाव्याला येणार आहेत, म्हणून आधीच सांगतो : बाई, सनावळ्या दोनदा तपासल्या आहेत. राजे आणि तह यांच्याबद्दल मला आजही काही सांगता येणार नाही. पण नोकरीची सगळी वर्षं मी लोखंड वाकवण्यात आणि मोडून बघण्यात घालवली. म्हणून त्या भिंतीवरच्या सुविचाराचाच इतिहास लिहितो. तुळईला धडक बसली तर ती वाकते की मोडते, हे माणसाला कसं कळत गेलं आणि ते कळेपर्यंत काय काय गेलं, त्याचा हा इतिहास.

सुरुवात आपल्याच वर्गातून करतो. नववीत विज्ञानाच्या सरांनी एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात तांब्याची तार घेतली होती, आठवतंय? खडू दोन्ही टोकांना धरून दाबला. काही दिसलं नाही, आणि मग एकदम 'टक्' करून दोन तुकडे. तार दाबली, ती वाकली, आणखी दाबली, आणखी वाकली. सरांनी विचारलं, "यातला चांगला कोण?" आपण सगळे एका सुरात ओरडलो, "न मोडणारा आणि न वाकणारा!" सर हसले. "तसा कुणी नसतो रे बाळांनो," म्हणाले आणि फळ्याकडे वळले. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला ते मिळायला पुढे बरीच वर्षं लागली.

खरं तर उत्तर आपल्या आईला माहीत होतं. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला की त्याला तडा जातो किंवा सरळ दोन तुकडे होतात. साध्या लोखंडी पत्र्याचा तवा पडला तर त्याला पोचा येतो. आई तो उलटा करून वरवंट्याने ठोकायची आणि संध्याकाळी त्याच्यावर पोळ्या करायची. बीड काही कमजोर नाही. त्याच्यावर नुसतं ओझं ठेवा, ते शांतपणे पेलतं. पण ओझं पेलणं वेगळं आणि धक्का सोसणं वेगळं. हा फरक उमगायला जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनाही दोन शतकं पुरली नाहीत.

तुळईचा अभ्यास गॅलिलिओने केला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १६३८ साली छापलेल्या त्याच्या शेवटच्या ग्रंथात भिंतीत रोवलेल्या आणि टोकाला वजन टांगलेल्या लाकडी तुळईचं चित्र आहे. ती कुठे आणि किती वजनाला मोडेल, याचं गणित त्याने मांडलं. ते थोडं चुकलं. दोन टेकूंवर ठेवलेली तुळई मधोमध दाबली की तिचा वरचा भाग आकसतो आणि खालचा ताणला जातो, हे चित्र नंतरच्यांनी दुरुस्त केलं. पण गॅलिलिओला आणखी एक कोडं सतावत होतं : हातोड्याच्या एका ठोक्याने खिळा लाकडात जातो, मग तोच हातोडा खिळ्यावर नुसता ठेवला तर का जात नाही? ठोक्याला वजनाच्या मापात कसं मोजायचं? त्यावर तो म्हातारपणापर्यंत विचार करत राहिला.

या कोड्याची किल्ली थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरच्या हाती लागली. १८०७ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत त्याने सांगितलं, की धडक सोसण्याची शक्ती नुसत्या ताकदीवर ठरत नाही. वस्तू किती जोर सोसते आणि मोडण्याआधी किती ताणली जाते, या दोन्हींच्या गुणाकारावर ती ठरते. म्हणजे दहा हिश्श्यांची ताकद आणि एक हिस्सा वाकणं असलेल्या तुळईपेक्षा पाच हिश्श्यांची ताकद आणि चार हिस्से वाकणं असलेली तुळई धडकेला दुप्पट पुरते. धडक म्हणजे अंगावर आलेली ऊर्जा. ती कुठेतरी खर्च व्हावी लागते. जो वाकतो तो ती वाकण्यात खर्च करतो. ज्याला वाकता येत नाही, त्याच्याकडे खर्च करायला जागाच नसते.

आणखी एक साधी गोष्ट. एखादं वजन तुळईवर हळूहळू टेकवलं तर ती समजा एक सेंटिमीटर वाकते. तेच वजन तुळईला जेमतेम टेकवून धरलं आणि एकदम सोडून दिलं, तर ती क्षणभर दोन सेंटिमीटर वाकते. उंचीवरून टाकलं तर त्याहून जास्त. वजन तेच, पण अचानकपणाची किंमत वेगळी द्यावी लागते.

ही सगळी माहिती पुस्तकात होती. पण रेल्वे आली तेव्हा पूल बांधणाऱ्यांची भिस्त ओतीव लोखंडावर, म्हणजे आपल्या बिडावर होती. ते स्वस्त, साच्यात ओतून हवा तो आकार देता येणारं आणि दाबाला पक्कं. इंग्लंडमध्ये चेस्टर शहराजवळ डी नदीवर १८४६ साली असा पूल झाला. त्याचे गर्डर जवळजवळ ३० मीटर लांबीचे होते. एवढं लांब ओतकाम एकसंध होत नसे, म्हणून तीन तुकडे बोल्टांनी जोडले होते आणि बाजूने घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा ताण दिला होता. पुलाचा रचनाकार होता रॉबर्ट स्टीफन्सन, त्या काळातला रेल्वेतला मोठा माणूस. त्याचं नाव लक्षात ठेवा, त्याचा आपल्याशी संबंध आहे.

२४ मे १८४७ च्या संध्याकाळी एक पॅसेंजर गाडी त्या पुलावरून जात होती. पुलाचं लाकडी तळ ठिणग्यांनी पेटू नये म्हणून त्याच दिवशी त्याच्यावर खडीचा थर पसरला होता. त्याने वजन वाढलं. शेवटच्या गाळ्यावर असताना ड्रायव्हरला पायाखालचा पूल खचतोय असं जाणवलं. त्याने वाफ वाढवली. इंजिन पलीकडे पोचलं, मागचे डबे नदीत कोसळले. पाच माणसं गेली.

चौकशीत स्टीफन्सनने बाजू मांडली, की गर्डर आपणहून मोडला नाही. गाडी रुळावरून घसरली, तिने गर्डरला बाजूने धडक दिली आणि त्या धडकेने तो मोडला. पंचांनी ते मानलं नाही. त्यांच्या मते गर्डर आधी मोडला आणि मग गाडी पडली. मला या साऱ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. धडक बसली म्हणून मोडलं, की मोडलं म्हणून धडक बसली? आणि समजा स्टीफन्सनचं खरं धरलं, तरी एका धडकेने ज्याचे तुकडे होतात असा गर्डर माणसांच्या पायाखाली घालावा का?

सरकारने रॉयल कमिशन नेमलं. त्या कमिशनने केलेले प्रयोग वाचताना मला आपली प्रयोगशाळा आठवली. छतापासून एक जड गोळा टांगला, तो झोक्यासारखा मागे नेऊन सोडला आणि लोखंडी बारला मधोमध आडवा ठोका दिला. असे चार-चार हजार ठोके. मोडण्याआधी बार जास्तीत जास्त जितका वाकू शकतो, त्याच्या निम्म्याने वाकेल इतका ठोका रोज खाणारा एकही बिडाचा बार चार हजार ठोक्यांपर्यंत टिकला नाही. एक तृतीयांश वाकवणारे ठोके मात्र सगळ्या निर्दोष बारांनी सोसले.

पोर्ट्समथच्या गोदीत त्यांनी एक उतार बांधला आणि वजन भरलेली गाडी त्यावरून सोडून बारांच्या जोडीवरून पळवली. गाडी उभी असताना बार ०.६ इंच वाकत होते. ताशी ३० मैलांच्या वेगात तीच गाडी गेली तर दीड इंच. कमिशनचा अहवाल १८४९ साली आला. वजन हललं की त्याचं ओझं वाढतं, हे तेव्हा कागदावर आकड्यांत उतरलं.

आता आपला संबंध. शाळेच्या मैदानावरून ज्या गाड्या आपण मोजायचो, ती लाइन मुळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जी.आय.पी.ची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावलेली आणि मग घाट चढून खानदेशात आलेली. त्या कंपनीचा इंग्लंडमधला सल्लागार इंजिनिअर होता हाच रॉबर्ट स्टीफन्सन. इथे येऊन प्रत्यक्ष काम उभं करणारा जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. डी नदीतले पाच जण आणि आपली पॅसेंजर यांच्यात इतकंच अंतर आहे.

ठेच लागली म्हणून पुढचे शहाणे झाले असं नाही. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा पूल गाडीसकट कोसळला. गाडीतलं एकही माणूस वाचलं नाही. खांब बिडाचे होते आणि ताणपट्ट्या अडकवायचे कान त्यांच्यातच ओतलेले होते. ते कान तुटले. रचनाकार थॉमस बाउचने काय सांगितलं असेल? मागचे डबे घसरून गर्डरला धडकले, म्हणून पूल पडला. तीच सबब, बत्तीस वर्षांनी. चौकशीत रचना, बांधणी आणि देखभाल या तिन्हींवर ठपका आला. बाउच पुढच्याच वर्षी वारला. आणि बिडाचे गर्डर तरीही वापरात राहिले. १८९१ मध्ये लंडनजवळ नॉरवुड जंक्शनला आणखी एक मोडला, तेव्हा कुठे जुने पूल भराभर बदलायला घेतले.

बीड मागे पडून पोलाद आलं. पोलाद वाकतं, म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण पोलादाचंही एक गुपित निघालं. ते मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतःच्या हाताने बघितलं.

तिथे एक उंच यंत्र असतं. वर जड हातोडा लंबकासारखा लटकलेला. खाली करंगळीएवढा, ५५ मिलिमीटर लांबीचा पोलादाचा चौकोनी तुकडा दोन टेकूंवर ठेवायचा. त्याच्या मधोमध दोन मिलिमीटर खोल खाच असते. हातोडा सोडला की तो तुकडा मोडून पलीकडे जातो आणि किती उंच गेला त्यावरून तुकड्याने किती ऊर्जा खाल्ली ते कळतं. जॉर्जेस शार्पी या फ्रेंच इंजिनिअरने १९०१ च्या सुमारास ही पद्धत पक्की केली. बघायला गेलं तर ही एक इवलीशी तुळई आणि तिला बसलेली एक धडक.

आमच्या सरांनी एका पट्टीचे दोन तुकडे आणले होते. एक टेबलावरचा, एक कोरड्या बर्फात ठेवलेला. पहिला हातोड्याला अडखळवून, वाकून, अर्धवट फाटला. मोडलेला भाग करडा, ऊस दातांनी सोलल्यासारखा. दुसरा खडूसारखा तुटला. त्याचा चेहरा खडीसाखरेच्या खड्यासारखा चमकत होता. लोखंड तेच, भट्टी तीच. फक्त गारठा.

हे न कळल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने वेल्डिंग करून बांधलेली काही जहाजं मोडली. १६ जानेवारी १९४३ ला 'शेनेक्टडी' नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला शांतपणे उभं असताना मधोमध फाटलं. ना टक्कर, ना तोफगोळा. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी यावर काम केलं. थंडीत एका ठरावीक तापमानाखाली ते पोलाद ठिसूळ होतं, आणि एखादी खाच किंवा कोपरा भेटला की तिथून तडा सुटतो, हे त्यांनी दाखवून दिलं. वेल्डिंगने सगळं जहाज एकसंध केलेलं असल्याने तड्याला अडवायला शिवणसुद्धा नव्हती. आपल्या वर्गातल्या ज्या मुलींना तेव्हा 'इंजिनिअरिंग मुलींचं काम नाही' असं ऐकावं लागलं, त्यांच्यासाठी टिपरबाईंचं नाव मुद्दाम लिहिलं आहे.

त्याच युद्धाच्या काळात जॉन बेकर नावाचे प्राध्यापक होते. पोलादाचा बीम वाकायला लागला म्हणजे संपला, असं तेव्हाची नियमावली धरून चालायची. बेकर म्हणत, वाकायला लागल्यानंतरच तर त्याचं खरं काम सुरू होतं. बॉम्बने घर कोसळलं तर आतली माणसं कशी वाचवायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी काढलेलं उत्तर १९४१ पासून इंग्लंडमधल्या घराघरांत पोचलं. गृहमंत्र्यांच्या नावावरून त्याला मॉरिसन शेल्टर म्हणत. लोखंडी टेबलच ते. साधारण दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, वर पोलादी पत्रा, बाजूंना जाळी. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री त्याच्या आत झोपायचं.

गंमत म्हणजे हे टेबल बॉम्बपुढे ताठ उभं राहण्यासाठी केलेलंच नव्हतं. वरचा मजला अंगावर आला की त्याने वाकायचं, वाकत वाकत मलब्याची ऊर्जा खायची, आणि आतल्या माणसाच्या अंगाला टेकण्याआधी थांबायचं, असा हिशोब होता. पार मोडकळीला आलेली ४४ घरं नंतर तपासली. त्यांत अशा टेबलांखाली १३६ माणसं होती. त्यांतली तीन दगावली. बाकीची वाचली, आणि टेबलं वाकडीतिकडी झाली.

'मोडेन पण वाकणार नाही' असं लिहिलेल्या भिंतीसमोर उभं राहणाऱ्या मला हे १९४१ सालचं टेबल १९८४ साली कॉलेजात शिकवलं गेलं. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं. मार्कही मिळाले. पण मला ते कळलेलं नव्हतं. आता जे लिहितो आहे, ते लिहिण्यासाठीच हा लेख घेतला.

आपल्या वर्गात हजेरीत माझ्यापुढचा नंबर तेवीस. नाव लिहीत नाही, तुम्हा सर्वांना माहीत आहे. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं कळण्याच्या भाकरीचं अर्ध हक्काने खाणारा. १९८९ च्या फेब्रुवारीत लग्नाहून परतताना, रात्री, हायवेवर समोर आलेल्या बैलगाडीला चुकवताना त्याची गाडी कडेच्या कडुनिंबावर गेली. घरची जुनी गाडी होती, जाड पत्र्याची, भारी चेसिसची. बंपर थोडा वाकला, रेडिएटर फुटला. दार तर नेहमीसारखं उघडलं. तेवीस नंबर स्टिअरिंगवर आदळून जागच्या जागी गेला.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. येणारा-जाणारा बघून म्हणायचा, "गाडी काय मजबूत! काहीच झालं नाही बघा." दहाव्याला त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. गावातला पहिला इंजिनिअर मीच होतो. त्यांनी विचारलं, "बाळ, गाडीत काही दोष होता का रे?" मी म्हणालो, "नाही काका, गाडी चांगली मजबूत आहे. नशीबच वाईट." माझ्या शब्दावर त्यांनी ती दुरुस्त करून घेतली. पुढे सहा वर्षं त्याचा धाकटा भाऊ ती चालवत होता.

सहा-सात वर्षांनी मी पुण्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. काम लाँग मेंबरचं, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागातल्या दोन लांब पोकळ बीमचं. तिथे मी पहिल्यांदा बेला बारेनीचं नाव ऐकलं. व्हिएन्नाजवळ जन्मलेल्या या इंजिनिअरने मर्सिडीज कंपनीत असताना १९५१ साली एका पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी : गाडीचा मधला भाग, जिथे माणसं बसतात, तो पेटीसारखा टणक करायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम मऊ ठेवायचा. धडक बसली की पुढच्याने चुरगळायचं आणि मधल्याला सांभाळायचं. १९५९ साली त्या कल्पनेवरची गाडी बाजारात आली.

त्याचा हिशोब नववीच्या गणितात बसतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी झाडावर आदळणं हे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतकंच. गाडीचं नाक फक्त १० सेंटिमीटर दबलं, तर तेवढ्यातच सगळा वेग संपावा लागतो आणि गाडीला बांधलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ शंभर पट जोर येतो. साठ किलोच्या माणसावर सहा टन. नाक ६० सेंटिमीटर चुरगळलं, तर तोच जोर सोळा पटींवर येतो, एक टनाच्या आसपास. तोसुद्धा भयंकर आहे, पण छातीवर पट्टा असेल तर माणूस तो सोसून घरी येऊ शकतो. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. त्याला स्टिअरिंग थांबवतं.

आमच्या लाँग मेंबरवर ठरावीक जागी छोट्या खाचा मारलेल्या असत. लॅबमध्ये जी खाच पोलादाची वैरी होती, तीच इथे कामाला लावलेली. धडक बसली की बीमने पहिली घडी तिथेच घालायची, मग दुसरी, मग तिसरी, हार्मोनियमच्या भात्यासारखी. एके दिवशी चाचणीनंतर असा चुरगळलेला बीम माझ्या टेबलावर आला. मी त्याच्या घड्या मोजत होतो, आणि मला पोलीस ठाण्यातली ती धड गाडी दिसली. तिने काहीच खाल्लं नव्हतं. सगळं तेवीस नंबरला दिलं होतं. आणि मी त्याच्या बापाला सांगितलं होतं, की गाडी चांगली आहे.

काका त्याआधीच गेले होते. त्याच्या धाकट्या भावाला, जो आपल्याच शाळेत तीन वर्षं मागे होता, मी हे यंदा दिवाळीत सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तेव्हा सगळेच तसं म्हणत होते. तुम्ही लिहा." त्याच्या परवानगीने लिहिलं आहे.

वाकण्याने सगळं भागतं, असं मी म्हणत नाही. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेत बाल्टिमोरला 'डाली' हे कंटेनर जहाज वीज गेल्याने भरकटून पुलाच्या खांबावर आदळलं आणि पोलादी पूल काही सेकंदांत पाण्यात गेला. एवढ्या जहाजापुढे कुठलाही खांब वाकून पुरा पडत नाही. तिथे जहाजाला खांबापासून लांब ठेवणारे अडथळेच लागतात. पण जहाजावरून, जिथले बहुतेक खलाशी भारतीय होते, धोक्याचा संदेश आधी गेला आणि पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली. खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले, पण पुलावर वाहतूक नव्हती. वाकणारा बीम तरी दुसरं काय करतो? मोडण्याआधी थोडा वेळ, थोडी जागा मिळवून देतो.

म्हणून मेळाव्याला येताना एक विनंती. ग्रुपवर आपण अजून म्हणतो, "जुन्या गाड्या म्हणजे रणगाडे, हल्लीच्या म्हणजे पत्र्याचे डबे." म्हणा हवं तर. पण त्या डब्याचं नाक चुरगळण्यासाठीच केलेलं आहे, आणि पट्टा लावलेल्यालाच त्याचा उपयोग आहे. पुढे बसणाऱ्यांनी लावा, मागे बसणाऱ्यांनीही लावा. नातवंडांना मांडीवर घेऊन पुढे बसू नका. रेल्वेने येणाऱ्यांनी डब्याकडे नजर टाका. एकमेकांवर चढणारे जुन्या बनावटीचे डबे बांधणं रेल्वेने २०१८ साली थांबवलं. आता धडकेत न चढणारे नवे डबे येतात.

व्हरांड्याची ती भिंत मागच्या वर्षी रंगवली, सुविचार गेला. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माणसाने काही ठिकाणी वाकू नये, हे त्याच भिंतीने शिकवलं. ती ठिकाणं वेगळी, एवढंच.

विज्ञानाचे सर येणार आहेत असं कळलं. सर, नववीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन येतो आहे. खिशात तारेचा एक तुकडा असेल. खडू शाळेतच मिळेल.